चालणे आणि स्मृती : पुराव्याची मर्यादा



नियमित चालण्याने वार्धक्यातील स्मृतिभ्रंश हमखास टळतो, हे गेल्या अंकातील पत्रातले विधान सद्हेतूने केलेले असले, तरी ते उपलब्ध पुराव्याच्या पुढे जाणारे आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी प्रयोगात, १२० ज्येष्ठांपैकी वर्षभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला आणि केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला, हे खरे. परंतु स्मरणाच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते, हे पत्रलेखकांनी नोंदवलेले नाही. पुढे २०१५ मध्ये, ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या व्यक्तींवरील दोन वर्षांच्या चाचणीत, व्यायाम करणाऱ्यांची आकलनशक्ती आरोग्यविषयक व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा एकंदरीत सरस ठरली नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल-२’ या प्रदीर्घ पाहणीत तर असे आढळले, की रोगनिदानाच्या सुमारे ९ वर्षे आधीपासूनच रुग्णांची हालचाल मंदावू लागते. म्हणजे जे कारण भासते, ते पुष्कळदा रोगाचाच आरंभीचा परिणाम असू शकते.

यावरून व्यायाम निरर्थक ठरत नाही, कारण हृदय, स्नायू आणि शरीराचा तोल यांना होणारा त्याचा लाभ सुस्थापित आहे. मात्र हमखास प्रतिबंधाचे आश्वासन दिले, की आयुष्यभर चालूनही विस्मरणाने ग्रासलेल्या वृद्धाच्या माथी नकळत दोष येतो, आणि हा अन्याय टाळणे हे आरोग्यविषयक लेखनाचे कर्तव्य आहे.

– एक वाचक