फ्रीजरमधला उंदीर, शिवारातला साप

रात्री रील्स चाळताना असा एखादा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. परदेशातला कुणी पोरगा फ्रीजरमधून बर्फासारखा कडक उंदीर काढतो, वितळवतो आणि लांब चिमट्यानं काचेच्या पेटीतल्या सापापुढं धरतो. क्षणात झडप! मग आपल्या ग्रुपवरही कुणीतरी लिहितंच, 'भावा, आपण पण पाळू ना एक!'

जरा थांबा. त्या उंदरामागची गोष्ट आधी समजून घ्या.

पेटीत साप आणि जिवंत उंदीर एकत्र कोंडले, तर पळायला कुणालाच जागा नसते. सापाला भूक नसली, तर उंदीरच त्याला कुरतडतो. म्हणून तिकडं मेलेला, गोठवलेला उंदीर देतात. पण ते काम सोपं नाही. तो सापाच्या जाडीइतकाच हवा. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायचा, मग गरम पाण्यात ठेवून कोमट करायचा. मायक्रोवेव्ह चालत नाही. खाल्ल्यावर किमान दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, नाहीतर तो सगळं ओकून टाकतो. आणि गोठवलं म्हणून साल्मोनेलाचे जंतू मरत नाहीत. ब्रिटनमध्ये अशा उंदरांमुळे माणसं आजारी पडल्याची नोंद आहे.

शिवाय त्या पेटीतला कॉर्न स्नेक किंवा बॉल पायथन बहुतेक वेळा माणसाकडंच जन्मलेला असतो. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर हे रानातले जीव. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या विदेशी सापाचीही सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. आणि बरणीत कोंडलेला रानातला साप पुष्कळदा काही खातच नाही. तुमच्या रीलला लाइक मिळतात, तो मात्र उपाशी मरतो.

आमचं म्हणणं सरळ आहे. सापाला खाऊ घालायची हौस असेल, तर त्याला शिवारातच राहू द्या. कडब्याच्या गंजीत, सोयाबीनच्या ढिगाऱ्यात, उसाच्या फडात उंदरांची काय कमी आहे? धामण ते फुकट खाते, ना फ्रीजर लागतो ना चिमटा. तरी धामण दिसली की काठी शोधणारे आपणच.

पण याच उंदरामागं साप घरातही शिरतो, हेही खरं. भारतात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसं सर्पदंशानं जातात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं मांडला. त्यात बहुतेक खेड्यातली. आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबं ऊसतोडीला जाऊन कोपीत जमिनीवर झोपतात, हे तुम्हाला सांगायला नको. मण्यार रात्रीच चावते, आणि दुखतही फारसं नाही.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. घरातलं धान्य झाकणाच्या कोठीत ठेवा, उंदरांची बिळं बुजवा, जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी नीट खोचून द्या, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा. साप दिसला तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. कुणाला चावलाच, तर १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडं एक मिनिटही घालवू नका.

सापांचं वेड असणं वाईट नाही. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावचं 'सर्पराज्ञी' केंद्र जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना परत रानात सोडतं. सापाला हातात धरण्यापेक्षा त्याला सोडून देण्यात जास्त धाडस लागतं, हे तिथं शिकता येईल. त्याची रील निघाली नाही तरी चालेल.