चौसष्ट घरांचे चित्र

मुलगी आलेखवहीत चौकटी रंगवीत बसली तर रागावू नका. ‘मारिओ’सारख्या उड्यांच्या खेळाची, म्हणजे प्लॅटफॉर्मरची, ती पूर्वतयारी असू शकते.

‘गेम जॅम’मध्ये ठरल्या मुदतीत नवा खेळ घडवायचा असतो. २००२ साली सुरू झालेल्या ‘लुडम डेअर’च्या एकट्याने उतरायच्या स्पर्धेत मुदत ४८ तासांची. चित्रे त्याच वेळात काढायची. चालणे, पडणे, उडी यांचा पायाभूत कोड मात्र आधी लिहून ठेवता येतो. खरी मेख उडीतच आहे! कडा सुटल्यावरही क्षणभर उडी घेऊ दिली की खेळणाऱ्याला अन्याय झाल्यासारखे वाटत नाही.

‘सेलेस्ट’चा पहिला, छोटा खेळ २०१५ साली मॅडी थॉर्सन व नोएल बेरी यांनी ‘पिको-८’वर चार दिवसांत केला. तिथे पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग १६, एक चित्र ८ बाय ८ घरांचे. म्हणजे ६४ घरे. आम्ही कारकून माणसे, खतावणीत याहून जास्त घरे रोज भरतो!

चित्रांचा सराव वहीवर होईल. कोडला संगणक लागतोच, आणि तो आपल्या कितीतरी घरांत नाही. वस्तीच्या वाचनालयात एक जुना संगणक बसवावा, हा विषय आम्ही येत्या बैठकीत मांडणार आहोत.