तयारी कोणी करायची?

बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना ठराविक भरती येते. महाविद्यालयात जाणाऱ्या पाल्याची नव्या शैक्षणिक वर्षाची तयारी कशी करून घ्यावी, या विषयावर समुपदेशक, बँकांचे अधिकारी आणि खाजगी शिकवण्यांचे चालक पालकांना चार हिताच्या गोष्टी सांगू लागतात. मुलाला पहाटे उठण्याची सवय लावा, खर्चाचे अंदाजपत्रक त्याच्यासमवेत बसून करा, संगणक घेताना पुढील चार वर्षांचा विचार करा, शैक्षणिक कर्जाची चौकशी वेळीच करा, मुलगी परगावी राहणार असेल तर तिच्याशी रोज थोडा वेळ बोला. या सल्ल्यात चूक असे काहीच नाही. पहाटे उठणे केव्हाही चांगलेच. परंतु ज्या घराला उद्देशून तो दिला जातो, त्या घरात अभ्यासाची स्वतंत्र खोली आहे, ठरलेल्या तारखेस येणारा पगार आहे आणि आईबापांपैकी निदान एकाने महाविद्यालय आतून पाहिलेले आहे, हे सारे गृहीत धरलेले असते. परभणीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे, इचलकरंजीतील यंत्रमाग कामगाराचे अथवा ऊसतोडीसाठी दरवर्षी पाच-सहा महिने बीड जिल्हा सोडणाऱ्या मजुराचे घर या सल्लागारांच्या डोळ्यांपुढे नसते. ते आईबाप मुलाच्या तयारीत कमी पडतात असे मुळीच नव्हे. मे-जूनच्या उन्हात त्यांच्याइतकी पायपीट दुसरे कोणी करीत नाही. पण ती पायपीट मुलाला महाविद्यालयासाठी तयार करण्याची नसते. मुलगा गरीब आहे, हे सरकारला पटवून देण्याची असते.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. गेल्या वर्षी गरीब असलेला शेतमजूर या वर्षीही गरीबच आहे, हे नव्याने सिद्ध करावे लागते. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा. तलाठी या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले आहे. दारातील रांग मात्र नामांतराने हललेली नाही. त्यानंतर रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला, इतर मागासवर्गीयांसाठी नॉन-क्रीमी लेयरचा दाखला, बँकेचे खाते आधारशी जोडल्याचा पुरावा. प्रत्येक कागदासाठी तालुक्याच्या गावी एक फेरी, प्रत्येक फेरीपायी एका दिवसाची बुडालेली मजुरी. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर या सर्वांवर कडी करणारे जात वैधता प्रमाणपत्र आहेच. ते मुदतीत आले नाही तर मिळालेली जागा हातची जाते, म्हणून शासनाला अनेकदा मुदतवाढ जाहीर करावी लागली आहे. जी मुदत वारंवार वाढवावी लागते ती मुळातच चुकीची ठरविलेली असते, एवढा साधा निष्कर्ष काढण्याची तयारी मंत्रालयाने दाखविलेली नाही.

या वैधतेच्या पुराव्यांचे स्वरूप एकदा नीट पाहण्यासारखे आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने आपल्या पूर्वजांच्या १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या नोंदी दाखवायच्या, इतर मागासवर्गीयाने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या, आणि विमुक्त-भटक्यांनी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या. खोटे दाखले घेऊन राखीव जागा बळकावणारे आहेत आणि त्यांना रोखलेच पाहिजे, याबद्दल समाजवाद्यांत दुमत नाही. पण ज्यांची व्याख्याच 'भटके' अशी आहे, ज्यांचे पाल दर पंधरवड्याला नव्या गावाच्या वेशीबाहेर पडत असे, ज्यांच्या आजोबांना कोणत्याही शाळेने पटावर घेतले नाही, त्यांनी १९६१ पूर्वीचा शाळेचा उतारा कोठून आणायचा? विमुक्तांपैकी अनेकांच्या पूर्वजांची इंग्रजी अमदानीतील सरकारी नोंद एकाच दप्तरात होती. ते म्हणजे गुन्हेगार जमाती कायद्याखालील पोलिसांचे हजेरीपट. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि समाज कागदोपत्री मुक्त झाला. आता त्याच समाजातील मुलीला महाविद्यालयाचा दरवाजा उघडून घेण्यासाठी नेमका कागदच सापडत नाही. ज्या शासनाने तिच्या आजोबांची नोंद शाळेत होऊ दिली नाही, तेच शासन आज त्या नोंदीची मागणी तिच्याकडे करते.

मुद्रांकाची कथा लहान आहे, पण कारभाराची रीत उघड करणारी आहे. दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क २००४ सालीच माफ झाले होते. तरीही कार्यालयांतून मुद्रांक मागितला जातच राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांचा हा मुद्रांक पाचशेचा झाला. ओरड झाल्यावर मार्च २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या दाखल्यांसाठी तो माफ केल्याची घोषणा महसूलमंत्र्यांनी केली. एकदा माफ झालेली गोष्ट दुसऱ्यांदा माफ करावी लागते आणि तिचेही श्रेय घेतले जाते! सामान्य माणसाला हक्क ठाऊक नसणे हीच ज्या व्यवस्थेची मिळकत आहे, तिला घोषणा कितीही करता येतात.

महाराष्ट्रात शिक्षणाची तयारी करणाऱ्यांची एक निराळी परंपरा आहे. रयतेच्या घामातून आलेला सारा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठणकावून सांगितले. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, ती खेड्यातील मुलगा शहरात झोपणार कोठे आणि जेवणार काय, हा प्रश्न राज्यकर्त्याचा आहे असे मानल्यामुळे. ती वसतिगृहे जातवार होती यावर आक्षेप घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेले वसतिगृह आठवावे. तेथे सर्व जातींची मुले एकाच चुलीवरचे अन्न खात होती आणि श्रम करून शिकत होती. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा पोटासाठी नोकरी करणाऱ्या तरुणांना येता यावे म्हणून वर्ग सकाळी भरविले. दिवसा कचेरीत राबणाऱ्या कारकुनाला 'आधी नोकरी सोडून ये' असे बाबासाहेबांनी सांगितले नाही. महाविद्यालयानेच आपले घड्याळ बदलले. या सर्वांनी विद्यार्थ्याला संस्थेच्या मापाचा करण्याऐवजी संस्था विद्यार्थ्याच्या मापाची केली. वृत्तपत्रांतील सल्ला याच्या नेमक्या उलट दिशेने जातो, आणि शासनाचे धोरणही.

ही दिशा १९८३ साली बदलली. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकात जाणारा महाराष्ट्राचा पैसा येथेच राहील, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. पैसा येथे राहिला खरा. तो ज्यांच्याकडे राहिला त्यांना महाराष्ट्र शिक्षणसम्राट या नावाने ओळखतो. सहकारातून वर आलेली आणि सरकारी सवलतींवर वाढलेली मंडळीच पुढे शिक्षणाच्या दुकानांची मालक झाली. त्यानंतर शुल्कावर नियंत्रण आणण्यासाठी न्यायालयांचे निकाल झाले, २०१५ साली राज्याचा कायदाही झाला. शिक्षण ही बापाने विकत आणून द्यावयाची वस्तू आहे, ही त्या वर्षाने रुजविलेली कल्पना मात्र कायम राहिली. कर्जाचा सल्ला तिचेच पिल्लू. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक ८६० संस्थांतील विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज देण्याची सोय आहे. म्हणजे अठराव्या वर्षी मुलगा मतदार होतो आणि त्याच वर्षी कर्जदारही. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्यास सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तेच सहा टक्के पुन्हा लिहिले. ती मजल अद्याप एकदाही गाठलेली नाही. राहिलेली तफावत बाप सावकाराकडून किंवा बँकेकडून भरून काढतो.

८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे आणि त्याचे स्वागत हातचे राखून करण्याचे कारण नाही. पण खेड्यातील मुलीचे शिक्षण केवळ शुल्कामुळे अडत नाही. ते संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.मुळे अडते, निवाऱ्याअभावी अडते. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने दिला जाणारा मोफत प्रवासाचा पास बारावीला संपतो. म्हणजे मुलगी पदवीच्या वर्गात पाऊल टाकते त्याच दिवशी तिचा प्रवास महाग होतो. शुल्क माफ करणारे खाते वेगळे, गाडी सोडणारे खाते वेगळे, आणि दोघांच्या मध्ये रस्त्यावर उभी असलेली मुलगी कोणत्याच खात्याची नाही.

वसतिगृहांत तर शासनाने जबाबदारी झटकण्याची नवी युक्तीच शोधून काढली आहे. जागा नसेल तर रोख रक्कम द्यावी आणि मोकळे व्हावे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी जानेवारी २०१७ च्या निर्णयाने स्वाधार योजना आली. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला साठ हजार रुपये ठरले. त्यांत भोजनाचे बत्तीस हजार आणि निवाऱ्याचे वीस हजार. वीस हजारांना बाराने भागले की महिन्याला सोळाशे रुपयांच्या आसपास येतात. या भाड्यात पुण्यात खोलीतील एक खाट तरी मिळते काय, हे योजना आखणाऱ्यांनी स्वतः हिंडून पाहिले असते तर बरे झाले असते. बरे, ही रक्कमही वेळेवर हाती पडत नाही, ही विद्यार्थी संघटनांची सातत्याची तक्रार आहे. खानावळवाला पहिल्या तारखेला पैसे मागतो. तो शासनाच्या लेखाशीर्षाची वाट पाहत नाही.

आदिवासी विभागाने २०१८ साली वसतिगृहांतील खानावळी बंद करून भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकण्याचे ठरविले, तेव्हा त्या वर्षीच्या जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. वर्ग सुरू होण्याच्या दिवसांत ही मुले रस्त्यावर चालत होती; त्यांच्या शैक्षणिक वर्षाची तयारी ती अशी झाली. ठेकेदार निकृष्ट अन्न देतात म्हणून रोख रक्कम बरी, असा युक्तिवाद खात्याने पुढे केला. ठेकेदार निकृष्ट अन्न देत असेल तर ठेकेदार हटवावा, खानावळीचा कारभार विद्यार्थ्यांच्या समितीकडे द्यावा. चूल विझविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पहाडातून प्रथमच शहरात आलेल्या मुलाला सामूहिक ताटावरून उठवून बाजारात एकटे सोडण्याला स्वातंत्र्य म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

म्हणून पुरवण्यांतून पालकांना विचारली जाणारी प्रश्नावली एकदा शासनासमोर ठेवली पाहिजे. वर्ग उघडण्याच्या दिवशी प्रत्येक विषयाला प्राध्यापक असेल काय, की तासिका तत्त्वावरील नेमणुका दिवाळीच्या तोंडावर होतील? गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती या वर्षीच्या प्रवेशाआधी जमा झाली काय? २०२५ साली अकरावीचे प्रवेश प्रथमच साऱ्या राज्यात ऑनलाइन करण्यात आले आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. विद्यार्थ्यांचा आकडा आधीपासून ठाऊक असताना यंत्रणेची तयारी कोणी करायची होती? पाल्याची तयारी अपुरी राहिली तर एक वर्ष पाल्याचे वाया जाते. शासनाची तयारी अपुरी राहिली तरी वाया जाणारे वर्ष पाल्याचेच असते.

येथपर्यंत पक्षाचे कार्यकर्ते माना डोलावतील. अडचणीचा भाग पुढेच आहे. जून उजाडला की शाखाशाखांतून काय होते? वह्यावाटप होते. नव्वद टक्क्यांवरच्या गुणवंतांना शाल-श्रीफळ दिले जाते, छायाचित्र निघते, आणि प्रस्थापित पक्षांच्या कार्यक्रमाहून हा कार्यक्रम निराळा कशाने, हे फलकावरील नाव वाचल्याशिवाय कळत नाही. नव्वद टक्केवाल्याचा सत्कार बँकाही करतात आणि शिकवणीवालेही. घराण्यात प्रथमच बारावी झालेल्या, अठ्ठेचाळीस टक्के मिळविलेल्या आणि कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे ठाऊक नसलेल्या मुलीच्या दारात कोण जाते?

उलट बाजूने काही लढाऊ सहकारी म्हणतात की दाखल्यांची शिबिरे भरविणे म्हणजे सेतू केंद्राबाहेरच्या दलालाचे काम फुकट करणे. त्याने व्यवस्था बदलत नाही. यात अर्धे सत्य आहे. शिबिर भरवून, फोटो काढून घरी गेले तर ते समाजसेवेच्या खात्यात जमा होते. पण त्याच शिबिरात एक नोंदवही असेल, कोणाचा अर्ज कोणत्या तारखेस दिला, दाखला किती दिवसांनी मिळाला, शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेऊ नये अशी परिपत्रके असताना कोणत्या महाविद्यालयाने किती रुपये आधी भरून घेतले, वसतिगृहाचा अर्ज कोणत्या कारणाने फेटाळला, हे सारे तीत लिहिलेले असेल, तर ती नोंदवही मोर्चाचे निवेदन होते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने विलंबाविरुद्ध अपिलाचा अधिकार दिला आहे आणि दोषी अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्या कायद्याखाली एका तालुक्यातून शंभर अपिले एकाच आठवड्यात दाखल झाली तर तहसील कचेरीचा वेग बदलतो. डॉ. लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तिन्ही साधने एकत्र सांगितली होती. पक्षाच्या हातात बराच काळ नुसती मतपेटी राहिली आहे, आणि तीही रिकामी.

एका शाखेने दहा गावे वाटून घ्यावीत. बारावी झालेल्यांची यादी गावनिहाय करावी, नापासांसह. नापासांना फेरपरीक्षेचा अर्ज कोणी भरून देत नाही. प्रवेशाच्या दिवसांत दोन कार्यकर्त्यांनी महाविद्यालयाच्या शुल्क खिडकीशेजारी परिपत्रकाची प्रत घेऊन उभे राहावे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ज्यांना वसतिगृह मिळाले नाही त्यांनी वळकट्यांसह समाजकल्याण कार्यालयाच्या आवारात मुक्काम करावा, आणि पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यांच्यासोबत तेथेच झोपावे. यादीचे काम मात्र निकालाची वाट पाहत थांबवू नये. उत्पन्नाचा जुना दाखला ३१ मार्चला संपतो आणि एप्रिलमध्ये तलाठ्याच्या दारात रांग नसते. नोंदवही तेव्हाच उघडावी.