‘चाळीस एक्स’ राहू द्या, खिडकी बघा!

होस्टेलसाठी कॅमेरा घ्यायचं ठरल्यापासून आपल्याकडे सरळसरळ दोन पक्ष पडले आहेत. एक सुपरझूम पक्ष, दुसरा मिररलेस पक्ष. मेसमध्ये, गच्चीवर, अगदी सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवतानासुद्धा हीच चर्चा! सुपरझूमवाले म्हणतात, खिशात मावतो आणि चाळीस पट झूम देतो, आणखी काय पाहिजे? मिररलेसवाले म्हणतात, सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते आणि दिसायलाही ‘प्रोफेशनल’. (हा शेवटचा मुद्दा खरं तर त्यांचा पहिला मुद्दा आहे, पण कबूल कोण करणार?) प्रत्येकाने पाचशे रुपये काढलेत. आमच्या विंगमधल्या एकाने तर महिनाभर बाहेरचा नाश्ता बंद करून काढलेत. पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते आहेत आणि पुढची तीन-चार वर्षं तरी दुसरा येणार नाही. म्हणून रविवारच्या बैठकीआधी माझं मत इथे मांडून ठेवतो.

आधी मोबाइलचा निकाल लावू. भर उन्हात समोर उभ्या असलेल्या चार मित्रांचा फोटो काढायचा असेल तर कॅमेरा घेऊच नका. तुमच्या खिशातला फोन तो फोटो इतका छान काढतो की स्क्रीनवर फरक सांगता येत नाही. जगभर लोकांनी हे ओळखलंय. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा. २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. फोनने उजेडातला, जवळचा फोटो गिळून टाकला. मग कॅमेऱ्याकडे उरलं काय? माझ्या मते दोनच गोष्टी : लांबचं आणि अंधारातलं. (अंधारातलं म्हणजे अंधारात हलणारं, पण त्याकडे नंतर येतो.)

आता गंमत अशी की आपल्या बजेटमध्ये ही दोन्ही एकाच कॅमेऱ्यात मिळत नाहीत. आणि दुकानदार जे आकडे सांगतो, म्हणजे ‘इतके एक्स’ आणि ‘इतके मेगापिक्सेल’, त्यांतून यातलं काहीच कळत नाही. चाळीस एक्स म्हणजे सगळ्यात लांब फोकल लेंग्थ भागिले सगळ्यात छोटी. नुसता रेशो आहे तो! गिअरबॉक्सचा रेशो सांगून कोणी इंजिन विकलं तर आमच्या मेकॅनिकलची पोरं हसतील, मग इथे का भुलायचं?

त्यापेक्षा लेन्सच्या तोंडावर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. उदाहरणार्थ, कॅननचा एसएक्स ७४० हा २०१८ साली आलेला खिशातला सुपरझूम. जाहिरातीत ‘२४ ते ९६० मिलीमीटर’, पण लेन्सवर ४.३ ते १७२ मिमी आणि त्याच्यापुढे ३.३ ते ६.९. ९६० हा ३५ मिमी फिल्मच्या हिशोबाने केलेला ‘बरोबरीचा’ आकडा, खरी लांबी १७२. आता १७२ ला ६.९ ने भागा. उत्तर आलं २५. म्हणजे पूर्ण झूम केल्यावर प्रकाश आत येण्याची खिडकी २५ मिमी व्यासाची, साधारण आपल्या जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी. माझ्या लेखी कॅमेऱ्याचा खरा आकडा हा. लांबचं किती बारीक दिसणार आणि अंधारात किती प्रकाश मिळणार, दोन्ही बहुतांशी या खिडकीवर ठरतं. भागाकार करायला दुकानात अर्धा मिनिट लागतो.

हीच रीत मिररलेसला लावू. २०२३ साली आलेला कॅनन आर५० घ्या. सोबत मिळते ती १८ ते ४५ मिमीची किट लेन्स. पूर्ण झूमला ४५ भागिले ६.३, म्हणजे खिडकी जेमतेम ७ मिमी! मिररलेसवाल्यांनो, हे जरा डोळे उघडून वाचा. नुसती किट लेन्स घेऊन तुम्ही नांदूर मध्यमेश्वरला गेलात तर काय होईल? तिथे गोदावरी आणि कादवेच्या पाण्यावर थंडीत चक्रवाक येतात, काही वेळा फ्लेमिंगो. आपल्या राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून तिची नोंद २०२० मध्ये झाली, म्हणजे जागा साधी नाही. पण पक्षी काही किनाऱ्यावर पोज द्यायला येत नाहीत. चाळीस सेंटीमीटरचा पक्षी साठ मीटरवर धरला तर किट लेन्सच्या फोटोत तो ८० पिक्सेल भरतो. ठिपका! सुपरझूममध्ये तोच पक्षी साडेनऊशे पिक्सेलचा होतो.

इथे सुपरझूम पक्षाने टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण एवढ्यावर थांबू नये. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर सहा मिलीमीटर रुंद आणि त्यावर २० मेगापिक्सेल कोंबलेले, म्हणजे एक पिक्सेल सुमारे १.२ मायक्रॉनचा. आता फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं डिफ्रॅक्शन आठवा (व्हायवाला विचारतात म्हणून पाठ केलेलं, त्याचा उपयोग इथे आहे!). एफ ६.९ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर जवळजवळ ९ मायक्रॉनची थाळी होऊन पडतो. म्हणजे एका बिंदूने सात-आठ पिक्सेल रुंदीची जागा अडवली. साडेनऊशे पिक्सेल आले खरे, पण प्रत्येकात नवी माहिती नाही. म्हणूनच पूर्ण झूमचे फोटो मोठे करून पाहिले की पिसांचा रंगकाम केल्यासारखा लगदा दिसतो. त्याच आर५० ला ५५-२१० ची स्वस्तातली टेलिफोटो लावा : २१० भागिले ७.१, खिडकी जवळपास ३० मिमी. फोटो कापून मोठा केला तर कागदावर तरी सुपरझूमच्या बरोबरीला येतो. थोडक्यात काय, ‘९६०’ आणि ‘२१०’ यांत वाटतो तेवढा फरक नाही. फरक आहे तो दुसऱ्या लेन्सच्या पैशांचा, आणि तो कमी नाही.

ज्याला खरोखर पक्षीच टिपायचे आहेत त्याने खिशातला सुपरझूम सोडून त्याचा थोरला भाऊ बघावा, ज्याला ‘ब्रिज’ कॅमेरा म्हणतात. २०२० चा निकॉन पी९५० : ३५७ भागिले ६.५, खिडकी ५५ मिमी. वजन किलोभर, खिशात मावायचा प्रश्नच नाही, आणि अंधारात तोही आंधळाच. पण लांबच्यासाठी एवढी मोठी खिडकी मिररलेसवर घ्यायची तर नुसत्या लेन्सच्या किमतीत आपल्या बजेटचं काय होईल ते दुकानात विचारून बघा! निफाडकडचा माझा एक मित्र दर हिवाळ्यात सायकलवर कॅमेरा अडकवून नांदूरला जातो. त्याला मी ब्रिजच सांगितला. त्याला कोणी ‘डबा कॅमेरा’ म्हणून हसतं तेव्हा राग येतो. ते हसणारे ज्या आकड्यांवर हसतात ते त्यांना समजलेले नसतात.

पण मुद्दा त्याच्या एकट्याचा नाही, होस्टेलचा आहे. आपण फोटो काढतो कशाचे? गॅदरिंग, एकांकिका, रात्रीची गणपतीची आरती, ट्यूबलाइटखाली चाललेली रोबोटची टेस्टिंग, फेअरवेल. सगळं संध्याकाळी सातनंतरचं आणि सगळं हलणारं! इथे ‘हलणारं’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्या इंदिरानगरपासून पांडवलेणी जवळच आहेत. तिसऱ्या लेण्यात आत मागच्या भिंतीवर कोरलेला स्तूप आहे, तिथे अंधारच असतो. तरी फोनचा नाइट मोड तो व्यवस्थित टिपतो, कारण तो पाठोपाठ अनेक फोटो काढून एकावर एक रचतो, आणि स्तूप दोन हजार वर्षांत जागचा हललेला नाही. एकांकिकेतला नट मात्र तेवढ्या वेळात चार पावलं चालतो. गेल्या वर्षीच्या नाटकाचे फोटो आठवतात ना? फायनल इयरच्या दादांनी दोन महिने तालीम केली आणि हातात आले ते धुरकट पुतळे. ते बाहेर पडले, आता तो प्रयोग पुन्हा होणार नाही.

अशा ठिकाणी हिशोब कसा बदलतो बघा. ५० मिमी एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स आर५० ला लावली तर खिडकी जवळपास २८ मिमी. स्टेजचा तेवढाच भाग सुपरझूमने घ्यायचा तर त्याची खरी फोकल लेंग्थ होते १४ मिमी. त्याचा सगळ्यात चांगला एफ नंबर, ३.३, तिथेही टिकतो असं उदार मनाने धरलं तरी खिडकी ४.३ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, तेव्हा प्रकाशात निदान चाळीस पट फरक! चाळीस एक्स हवाय ना? हा घ्या चाळीस एक्स.

(पांडवलेण्यांचा विषय निघालाच आहे तर : पायथ्याला ज्यांचं स्मारक आहे त्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा मिळवला, तेव्हा आधी टिपलं काय, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. दिवसाला थोडं थोडं, महिनाभर. तेच दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं केलं. कॅमेरा एकच होता, पण त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं हे त्यांना घेण्याआधी पक्कं माहीत होतं.)

सुपरझूमच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हरिहरच्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबणीत लागतात. तिथे गळ्यात लोंबणारा मिररलेस आणि पाठीवर लेन्सची बॅग म्हणजे शिक्षा आहे. वाऱ्यात लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसते ती वेगळीच. ट्रेकिंगवाल्यांचा राग मला समजतो. पण ट्रेकला वर्षातून चार वेळा, वीस पोरं जातात. गॅदरिंगला सगळं होस्टेल असतं आणि पैसे सगळ्या होस्टेलचे आहेत.

तेव्हा माझं मत असं. एंट्री लेव्हलचा मिररलेस घ्यावा, आर५० किंवा त्याच्याही खालचा चालेल. पण नुसत्या किट लेन्ससकट घेणार असाल तर माझा विरोध नोंदवा, कारण ७ मिमीच्या खिडकीसाठी एवढे पैसे म्हणजे उधळपट्टी आहे. बॉडी स्वस्तातली घेऊन उरलेल्या पैशांत ५० मिमी एफ १.८ बसवावी. टेलिफोटो पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून. पैसे कमीच पडले तर किट लेन्सशिवाय नुसती बॉडी मिळते का ते विचारावं. तेही नाही जमलं तर जुना डीएसएलआर आणि हीच ५० ची लेन्स चालेल, वजन थोडं जास्त एवढंच.

आणि एक विनंती रेक्टर सरांना. सर, कॅमेरा ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद राहणार असेल तर वरचा सगळा हिशोब व्यर्थ आहे. एकांकिका रात्री नऊला सुरू होते आणि ऑफिस साडेपाचला बंद होतं. एक रजिस्टर ठेवा, नेणाऱ्याची सही घ्या, काही मोडलं तर भरपाई त्याच्याकडून घ्या, आम्ही तयार आहोत. किल्ली मात्र होस्टेलवर असू द्या.