यंत्र, कॅमेरा आणि झाडीपट्टी : तरुण दिग्दर्शकापुढचा जुनाच प्रश्न

१/ धान घरात आले, दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. सडक अर्जुनीपासून वडसा-देसाईगंजपर्यंत गावोगावी मंडप उभे राहतात. रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो. याच मुलखातील एखाद्या तरुणाला आज चित्रपट करायचा असेल, तर कृत्रिम बुद्धिमत्ता त्याला सांगते : कॅमेरा नको, नट नकोत, मुंबईही नको, हवे ते दृश्य शब्दांत लिहावे, चित्र तयार मिळेल.

२/ हे आश्वासन हसण्यावारी नेण्यासारखे नाही. चित्रपट ही पहिल्यापासून भांडवलाची कला आहे आणि ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याला ती दाराबाहेरच उभी करते. म्हणून नव्या यंत्राने हरखून जाणाऱ्या तरुणाला दोष देण्याआधी इतिहास पाहिला पाहिजे. मराठी चित्रपट घडवला तो यंत्र खोलून पाहणाऱ्यांनी, यंत्राला भिणाऱ्यांनी नव्हे.

३/ दादासाहेब फाळके छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग या तिन्ही वाटांनी फिरून चित्रपटाकडे आले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी घरात केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

४/ कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच स्वतः घडवला. त्यातून १९२० साली ‘सैरंध्री’ आला. पुढे १९२५ साली त्यांनीच ‘सावकारी पाश’ काढला. कर्जात बुडालेला शेतकरी त्यामुळे पडद्यावर दिसला आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. यंत्र हाती आल्यावर ते कोणाकडे वळवायचे, हा निर्णय माणसाचा होता.

५/ या साऱ्या कथेत एक लहानशी फिल्म बहुधा विसरली जाते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याची चित्रे टिपली. रोज थोडी थोडी. ती सलग दाखवली की अंकुर डोळ्यांदेखत वाढू लागे. ते पाहूनच पैसे लावणारा माणूस पुढे आला.

६/ आजचे यंत्र तोच अंकुर काही क्षणांत रंगवून देईल आणि तो अधिक देखणाही असेल. फरक एवढाच, की फाळक्यांच्या कुंडीत वाटाणा होता. यावर कोणी म्हणेल, फाळक्यांच्या चमत्कारदृश्यांचे काय? ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही झाले! खरेच आहे. कल्पित रचणे हा कलेचा दोष नव्हे. पण त्या कल्पिताच्या मुळाशी एक नट होता, त्याचे श्रम होते.

७/ कृत्रिम बुद्धिमत्ता शिकते ती आधी नोंदल्या गेलेल्या चित्रांतून, आवाजांतून आणि मजकुरातून. दंडार, खडी गंमत, झाडीबोलीतील संवाद यांची अशी नोंद तुटपुंजी आहे. जिथे नोंद नाही, तिथली पोकळी यंत्र सरासरीने भरते. अशा यंत्राच्या चित्रात झाडीपट्टीचा नट प्रमाण मराठी बोलू लागला आणि दंडारीच्या जागी भलत्याच प्रांताचा तमाशा उभा राहिला, तर नवल वाटायला नको. बाहेरच्या प्रेक्षकाला त्यातील चूक कळणारही नाही. खरा धोका हाच आहे.

८/ ही नोंद करणारी माणसे मात्र होऊन गेली आहेत आणि आजही आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि इथली लोकरंगभूमी यांचा ध्यास घेऊन अभ्यास केला. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२२ साली तृषांत इंगळे या तरुण दिग्दर्शकाने ‘झॉलीवूड’मधून याच रंगभूमीचे जग पडद्यावर आणले. त्यात दिसतात ते इथलेच चेहरे आणि ऐकू येते ती इथलीच बोली.

९/ नोंद हरवली की काय होते, हे चित्रपटानेच भोगले आहे. १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळे तेवढी उरली, तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीतील असावीत, असे काही अभ्यासक मानतात. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या.

१०/ आता ही हरवलेली रिळे यंत्राकडून ‘भरून घेण्याचा’ मोह होईल. फिल्मवरचे ओरखडे पुसणे ही दुरुस्ती आहे. नसलेले दृश्य रचणे ही नवी निर्मिती आहे आणि तिच्यावर तसे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. इतिहासाच्या नावाखाली नवे चित्र खपवले, तर पुढच्या पिढीला खरे-खोटे वेगळे करता येणार नाही.

११/ प्रश्न मालकीचाही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर निषेध केला; उपयोग झाला नाही. नामवंतांची ही गत, तर गावच्या मंडपातील नटाचा चेहरा आणि आवाज कोण जपणार?

१२/ म्हणून सडक अर्जुनीच्या तरुणाने यंत्र नाकारण्याचे कारण नाही. ध्वनीतील खरखर काढणे, उपशीर्षके देणे, चित्रीकरणाआधी दृश्याचा कच्चा आराखडा करणे, यासाठी ते खुशाल वापरावे. मात्र क्रम चुकता कामा नये. आधी नोंद, मग निर्मिती. हातातला फोन प्रथम त्या मंडपासमोर उभा राहावा. कलावंताची परवानगी घ्यावी, त्याचे नाव लिहावे, त्याची बोली जशी आहे तशी टिपावी.

१३/ फाळक्यांना वाटाण्यासाठी महिनाभर थांबावे लागले. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो. चार महिने. एका तरुणाला, एका फोनला, एवढा वेळ पुरेसा आहे.