जुन्या शर्यतीच्या ट्रकाविषयीं दोन शब्द

खेळण्यांत वेळ दवडणें हा विद्यार्थ्यांचा दोष समजला जातो, व पुष्कळ अंशीं तें खरेंही आहे. परंतु सर्वच खेळणीं एका मापानें मोजणें न्याय्य नव्हे, असें आमचें मत आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेंतील 'आरसी१०टी' हा बिनतारी यंत्रानें चालणारा जुना शर्यतीचा ट्रक घ्या.

कॅलिफोर्नियांतील असोसिएटेड कंपनीनें रॉजर कर्टिस यांच्या योजनेवरून १९८४ सालीं 'आरसी१०' ही छोटी मोटार काढिली. १९८५ सालीं त्याच प्रांतांत डेल मार येथें भरलेल्या जागतिक शर्यतींत, दोन चाकांस गति मिळणाऱ्या गाड्यांच्या वर्गांत, तिनें अजिंक्यपद मिळविलें. पुढें तशाच सोनेरी ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर मोठीं चाकें चढवून हा ट्रक सिद्ध झाला. पेटींत तयार गाडी नसे, सुटे भाग असत. विजेची मोटार, बॅटरी व बिनतारी यंत्र निराळें घ्यावें लागे. पारदर्शक कवचही आंतून स्वतःच रंगवावें लागे.

त्याची खरी थोरवी या जुळणींतच आहे. धक्के सोसणाऱ्या नळ्यांत दाट तेल भरलें तर हालचाल मंदावते, पातळ भरलें तर चपळ होते. वळणावर बाहेरील चाकास आंतील चाकाहून अधिक धांवावें लागतें. तें साधावें म्हणून मागील चाकांमध्यें दोन चकत्यांच्या दरम्यान बारीक पोलादी गोळ्या बसविलेल्या असतात. त्यांचा स्क्रू सैल राहिला तर चकत्या घसरून खराब होतात. फार आवळला तर चाकें मोकळेपणीं फिरत नाहींत. सारांश, चार-पांच मिनिटांच्या शर्यतींत हरलेल्या मुलास दैवास बोल लावून भागत नाहीं. घरीं जाऊन स्क्रू उघडावाच लागतो.

आतां कित्येक हौशी लोक अशा जुन्या पेट्या न उघडतां किंमत वाढण्याची वाट पाहतात. जुन्या वस्तूंची जपणूक आम्हांसही मान्य आहे. परंतु जें जुळविण्यासाठींच निर्मिलें तें बंद ठेवणें म्हणजे पानें न फाडलेलें पुस्तक कपाटांत मिरविणें होय. कंपनीनें २०१३ सालीं मूळ 'आरसी१०' पुनः विक्रीस काढिली, तीही सुट्या भागांच्याच रूपानें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. उलटपक्षीं, तयार गाडी विकत घेऊन पहिल्याच आपटीनंतर ती दुकानदाराकडे नेणारा मुलगा गाडीचा धनी होतो, जाणकार होत नाहीं.

म्हणून पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलास असें खेळणें दिलें तर जुळणी आपण करूं नये. चुकीचा बसलेला स्क्रू त्याचा त्यालाच शोधूं द्यावा.