शून्याचा रिपोर्ट

मागच्या रविवारी विरारहून वसईला मावसबहिणीकडे जेवायला गेलो होतो. ताई एका हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये स्टाफ नर्स आहे, गेली नऊ वर्षं. पर्समधून किल्ल्या काढताना तिच्या हातून प्लास्टिकचा एक चपटा बॅज खाली पडला.

"हे काय गं?"

"टीएलडी बॅज. रेडिएशन मोजायचा."

"मग तो पर्समध्ये काय करतोय?"

"अरे, आकडा जास्त आला की चौकशी, खुलासे. जी लावते तिलाच प्रश्न! माझा रिपोर्ट बघ, कायम शून्य."

झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला.

हा बॅज म्हणजे भारी प्रकार आहे बरं का. आत डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. रेडिएशन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन अडकून बसतात. लॅबमध्ये चकती तापवली की ते सुटतात आणि प्रकाश बाहेर पडतो. जितका प्रकाश, तितका डोस. दोन चकत्यांवर वेगवेगळे फिल्टर आणि एक उघडी, त्यामुळे किरण कोणत्या प्रकारचे होते याचाही अंदाज येतो. ही पद्धत आपल्याकडे ट्रॉम्बेच्या बीएआरसीने बसवली. साधारण तीन महिने वापरायचा, मग तपासायला पाठवायचा.

छातीचा एक्स-रे काढणारा टेक्निशियन बटण दाबायला आडोशाला जातो. कॅथलॅबमध्ये तसं करून चालत नाही. अँजिओप्लास्टी करताना एक्स-रे चालू असतो आणि डॉक्टर, नर्स पेशंटच्या शेजारीच उभे. पेशंटच्या अंगावर आदळून किरण चहूकडे उडतात. लेड अ‍ॅप्रन धड झाकतो, पण डोकं, हात, डोळे उघडेच. डोळ्याला मोतीबिंदूचा धोका असतो. म्हणून तर आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2011 साली डोळ्याच्या भिंगाची वार्षिक मर्यादा 150 वरून 20 मिलिसीव्हर्टवर आणायला सांगितलं. सबंध शरीरासाठी आपल्या एईआरबीची मर्यादा पाच वर्षांत मिळून 100, आणि कुठल्याही एका वर्षात 30.

पण बॅज बिचारा स्वतःला लागलेलं मोजतो. पर्समध्ये असेल तर पर्सला लागलेलं!

आमच्या धंद्यात याला लॉगिंग बंद करून डॅशबोर्ड हिरवा ठेवणं म्हणतात. (केलंय मी पण. रिलीजच्या आदल्या रात्री.)

गंमत बघा, विरारहून डहाणू लोकल पकडली की बोईसर, आणि तिथून जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र, 1969 सालचं. पालघर जिल्ह्यात रेडिएशन म्हटलं की सगळ्यांना तेच आठवतं. तिथे रेडिएशनच्या भागात जाणाऱ्याकडे टीएलडी बॅज असतोच, वर लगेच आकडा दाखवणारं डोसीमीटरही. तारापूरला आपण घाबरतो, आणि वडिलांची अँजिओप्लास्टी झाली की कॅथलॅबबाहेर पेढे वाटतो. आत उभ्या असलेल्या नर्सला किती लागलं हे कोण विचारतो?

मला ताईवर रागवावंसं वाटत नाही. मोजणाऱ्यालाच जाब विचारला तर कोण मोजेल? आकडा वाढला तर आधी छताला टांगलेली शिशाची काच वापरली का, माणूस किती अंतरावर उभा होता, हे बघा ना. अंतर दुप्पट केलं तर डोस साधारण चौथ्या हिश्शावर येतो.

आणि माझ्या मते चौकशी शून्याचीही व्हावी. एक्स-रे किती मिनिटं चालला हे मशीन स्वतःच नोंदवतं. एका कॉलमात ती मिनिटं, शेजारी बॅजचा आकडा. रोज केसेस आणि वर्षभर शून्य? विचारा. साधी एक्सेल शीट पुरेल, त्यासाठी इंजिनियर नको.

ताईने इथे माझी विकेट काढली. "अ‍ॅप्रनच्या आत लावला तर खरंच शून्याजवळ येतो, शहाण्या." बरोबर आहे तिचं. म्हणूनच कॅथलॅबसाठी दोन बॅज सुचवतात, एक अ‍ॅप्रनच्या आत आणि दुसरा बाहेर कॉलरपाशी. बाहेरच्यावरून डोळ्यांचा अंदाज येतो. तिला दुसरा कुणी दिलाच नाहीये. आणि पहिला पर्समध्ये.

सोमवारी तिची मॉर्निंग होती, दोन केसेस लागलेल्या. म्हटलं, उद्यापासून निदान हा तरी लाव.

"बघू," म्हणाली, आणि ताटात सुरमईचा अजून एक तुकडा वाढला.